तराजू, तलवार आणि वऱ्हाडची रुई

आशियातील दुसऱ्या महायुद्धाचा आरंभ सामान्यतः ८ डिसेंबर १९४१ या दिवसापासून मोजला जातो. त्या दिवशी मध्यरात्रीनंतर जपानी सैन्य मलायाच्या कोटा भारू किनाऱ्यावर उतरले आणि सुमारे तासाभराच्या अंतराने पर्ल हार्बर येथील अमेरिकन आरमारावर बॉम्बवर्षाव झाला. तेथे दिनदर्शिकेवर अद्याप ७ डिसेंबरच होता. चिनी जनतेला मात्र ही तारीख मान्य होण्यासारखी नाही. तिच्या लेखी हे युद्ध १९३७ च्या जुलैत, किंबहुना १९३१ च्या सप्टेंबरातच सुरू झाले होते. वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्याची साक्ष काढली असती, तर त्यानेही बहुधा चिनी शेतकऱ्याचीच बाजू घेतली असती. मांचुरियातील तोफांचा आवाज त्याच्या कानी पडला नाही हे खरे. परंतु त्या तोफांचा धक्का त्याच्या रुईला पर्ल हार्बरच्या साडेआठ वर्षे आधीच बसला होता.

जपानच्या लष्करी विस्ताराचे एक ठरावीक कारण सांगितले जाते. देश लहान, डोंगराळ आणि दाट वस्तीचा; भूमीच्या पोटात तेल नाही, पुरेसे लोखंड नाही; शेतात कापूस नाही; अशा देशाला कारखाने चालवायचे तर कच्च्या मालाचे प्रदेश ताब्यात घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, असा हा युक्तिवाद आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो अजूनही एका वाक्यात लिहिला जातो आणि त्यास पूर्ण गुणही मिळतात. युद्धापूर्वी जपानच्या राज्यकर्त्यांनी हेच वाक्य आपल्या प्रजेला ऐकवले होते. ते तपासून पाहण्यास वऱ्हाडाइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल. कारण ज्या कच्च्या मालावाचून जपानचा सर्वांत मोठा उद्योग एक दिवसही चालला नसता, त्या मालापैकी बराचसा याच काळ्या जमिनीतून जात होता आणि तो नेण्यासाठी जपानला एकही शिपाई पाठवावा लागत नव्हता.

मुंबई ते कोबे

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वऱ्हाडची रुई जगाच्या बाजारात आली. धामणगावच्या नावामागे ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटला तो या लोहमार्गामुळे. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांतून या स्थानकापर्यंत येई, येथे सरकी निघून गाठी बांधल्या जात आणि त्या मुंबईच्या वाटेला लागत. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी रुईला ‘ऊमरा’ असे नाव होते. उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, ते व्यापारी रूप. ही रुई आखूड धाग्याची आणि जाडीभरडी. लँकेशायरच्या तलम सूत काढणाऱ्या गिरण्यांना ती फारशी रुचत नसे. तिला खरा ग्राहक मिळाला तो पूर्वेकडे.

जपानी कताई गिरण्यांचे प्रतिनिधी १८८९ मध्येच भारतात येऊन कापसाची पाहणी करून गेले होते. नागपूरची एम्प्रेस मिल उभारणारे जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी करार घडवून आणला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघाले. या मार्गावर मक्तेदारी गाजवणाऱ्या ब्रिटिश पी. अँड ओ. कंपनीने भाडे पाडून नव्या प्रतिस्पर्ध्याला बुडवण्याचा प्रयत्न केला. परंतु मार्ग टिकला. जपानी गिरण्यांनी भारतीय आखूड धाग्यात अमेरिकन लांब धागा मिसळून स्वस्त आणि टिकाऊ सूत काढण्याची कला हस्तगत केली. जपानी व्यापारी पेढ्यांची खरेदी मुंबईच्या बाजारापुरती न राहता कापूस पिकवणाऱ्या मुलखापर्यंत पोचली. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात भारताबाहेर जाणाऱ्या कापसापैकी निम्म्याच्या आसपास कापूस एकटा जपान उचलू लागला.

हा व्यवहार दानधर्माचा नव्हता. जपानी व्यापारी भाव पाडून घेत, अडत्ये आणि दलाल मधला वाटा कापून घेत आणि शेतकऱ्याच्या हाती सावकाराचे व्याज फिटेल इतके तरी उरेल की नाही, याची शाश्वती नसे. तरीही तो व्यवहार होता. देणाऱ्यास गरज होती, घेणाऱ्यास गरज होती आणि दोघांच्या मध्ये तराजू होता. त्या तराजूच्या बळावर, मुख्यतः विकत घेतलेला कापूस वापरून, जपान १९३३ मध्ये ब्रिटनला मागे टाकून जगातील सर्वांत मोठा सुती कापड निर्यात करणारा देश बनला. कच्च्या मालासाठी साम्राज्य हवे, या सिद्धान्ताचे याहून ठळक खंडन दुसरे कोणते असू शकेल?

मुकडेनचा स्फोट आणि धामणगावचा भाव

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मांचुरियातील मुकडेन शहराजवळ लोहमार्गावर एक लहानसा स्फोट झाला. तो तेथील जपानी फौजेच्या, क्वांतुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनीच घडवला होता. आळ चिनी सैन्यावर घालून फौज पुढे सरकली आणि काही महिन्यांत सारा मांचुरिया तिच्या ताब्यात आला. १९३२ च्या मार्चमध्ये तेथे ‘मांचुकुओ’ नावाचे बाहुले राज्य स्थापन झाले. राष्ट्रसंघाने ठपका ठेवला, तेव्हा १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघाकडेच पाठ फिरवली. विशेष म्हणजे टोकिओच्या मंत्रिमंडळाने या मोहिमेची आज्ञा दिलेली नव्हती. सैन्याने आधी मुलूख घ्यावा आणि सरकारने मागाहून संमती द्यावी, हा पायंडा येथे पडला.

या घटनेचा वऱ्हाडशी संबंध कसा पोचतो, हे पाहण्यासारखे आहे. आक्रमणाच्या निषेधार्थ चिनी जनतेने जपानी मालावर कडकडीत बहिष्कार घातला. चीनची बाजारपेठ आकसताच जपानी कापड दुसरीकडे वाट शोधू लागले. त्यातच १९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्ण-परिमाण सोडले, येनचा भाव घसरला आणि जपानी कापड भारतात कमालीचे स्वस्त झाले. मुंबईचे गिरणीमालक आणि मँचेस्टरचे व्यापारी दोघेही घाबरले. ब्रिटिशेतर कापडावरील शुल्क १९३२ च्या ऑगस्टमध्ये ५० टक्के आणि १९३३ च्या जूनमध्ये ७५ टक्के करण्यात आले. जपानी कताई गिरण्यांच्या संघटनेने त्यास उत्तर दिले ते भारतीय कापूस न घेण्याच्या ठरावाने.

जागतिक मंदीने कापसाचा भाव आधीच रसातळाला नेला होता. त्यात सर्वांत मोठा ग्राहक बाजारातून उठून गेला. गिरणीमालकाचे हित आणि शेतकऱ्याचे हित किती वेगळे असू शकते, हे त्या वर्षी उघड झाले. ज्या शुल्काने मुंबईच्या गिरणीला आडोसा दिला, त्यानेच वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर काढून नेले. मांचुरियातील जपानी सेनाधिकारी, मुंबईतील गिरणीमालक आणि दिल्लीतील इंग्रज सरकार यांपैकी कोणीही त्याला विचारले नव्हते.

परंतु या प्रकरणाचा शेवट अधिक बोधप्रद आहे. सिमला आणि दिल्ली येथे दोन्ही देशांचे प्रतिनिधी वाटाघाटीस बसले आणि १९३४ च्या आरंभी समझोता झाला. जपानने दरसाल १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात भारताने ३२ कोटी ५० लाख वार जपानी कापड येऊ द्यावे. कापूस १५ लाख गाठी घेतल्यास कापडाची मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढावी. शुल्क ७५ वरून ५० टक्क्यांवर यावे, अशा त्याच्या अटी होत्या. जुलैमध्ये लंडनला त्यावर सह्या झाल्या. मुकडेनमध्ये तीन वर्षे तोफा चालवून जे सुटले नाही, त्या प्रकारचा प्रश्न सिमल्याच्या मेजावर काही महिन्यांत सुटला. एकाच राष्ट्राने एकाच काळात दोन मार्ग चालून पाहिले. त्यांपैकी फलदायी कोणता होता, याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या खातेवहीत होता.

हा पुरावा ओळखणारी माणसे जपानमध्ये नव्हती असे नाही. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी सरकारी खर्च वाढवून आणि चलनाचे मूल्य उतरवून देशाला मंदीतून अनेक पाश्चात्त्य राष्ट्रांच्या आधी बाहेर काढले. मात्र अर्थव्यवस्था सावरताच लष्कराच्या खर्चाला लगाम घातला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर तरुण सेनाधिकाऱ्यांनी या वृद्ध मंत्र्याला त्याच्या घरात घुसून ठार केले. त्याआधी १५ मे १९३२ रोजी पंतप्रधान इनुकाई यांचाही असाच बळी गेला होता. जपानपुढे दुसरा मार्ग नव्हता असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. दुसरा मार्ग होता. तो दाखवणाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

भूदल उत्तरेला, आरमार दक्षिणेला

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि चीनशी सर्वंकष युद्ध पेटले. शांघायची लढाई तीन महिने चालली. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथे जपानी सैन्याने निःशस्त्र माणसांची जी कत्तल व स्त्रियांची जी विटंबना केली, तिने जग हादरले. १९३८ च्या ऑक्टोबरात कँटन आणि वुहान ही शहरेही गेली. नकाशावर पाहता चीनचा सारा पूर्व किनारा जपानच्या हाती आला होता. प्रत्यक्षात हाती होती ती शहरे आणि लोहमार्ग. पलीकडचे अफाट ग्रामीण चीन हाती येत नव्हते. लाखो सैनिक तेथे अडकून पडले.

या युद्धाचा आर्थिक परिणाम समर्थकांच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला. १९३७ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांनी त्सिंगताओ बंदरातील जपानी मालकीच्या कापड गिरण्या उडवून दिल्या. व्यापाराने मिळवलेली मालमत्ता तलवारीने अशी गमावली. उत्तर चीनमध्ये कापूस पिकवून घेऊन भारत आणि अमेरिकेवरील अवलंबन संपवण्याची योजना होती. पण लढाईने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात शेतकरी आधी पोटापुरते धान्य पेरणार, हे शहाण्यांना सांगावे लागू नये. इकडे दारूगोळ्यासाठी परकीय चलन वाचवावे म्हणून जपानी सरकारने आपल्याच गिरण्यांच्या कापूस-आयातीवर निर्बंध घातले. कच्चा माल मिळावा म्हणून सुरू झालेल्या युद्धाने कच्चा माल विकत घेण्याची ऐपतच खाऊन टाकली.

चीनमध्ये रुतलेले पाऊल मागे घ्यावे की आणखी पुढे टाकावे, या प्रश्नावर जपानचे भूदल आणि आरमार यांचे एकमत नव्हते. भूदलाची नजर उत्तरेस सोव्हिएट रशियावर होती. आरमाराची दक्षिणेस तेलाच्या बेटांवर. दोन्ही दलांचे मंत्री सेवेतील अधिकारीच असत. त्यांपैकी एकाने अंग काढून घेतले की मंत्रिमंडळ कोसळे. युद्धसंचालनाच्या बाबतीत दोन्ही दले थेट सम्राटाला जबाबदार असत, संसदेला नव्हे. दोघांचा निवाडा करणारे अधिकारी स्थान राज्यघटनेत कोठेच नव्हते. परिणामी एकाची मागणी मान्य झाली की दुसऱ्याचीही मान्य करावी लागे.

उत्तरेचा प्रयोग १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहान येथे झाला. झुकोव्हच्या रणगाड्यांनी जपानी फौजेचा असा समाचार घेतला की उत्तरेची हौस बरीचशी फिटली. १३ एप्रिल १९४१ रोजी रशियाशी तटस्थतेचा करार झाला आणि पारडे आरमाराच्या बाजूस झुकले. त्यापूर्वीच, १९३९ च्या फेब्रुवारीत हैनान बेट आणि फ्रान्स जर्मनीपुढे कोसळल्यावर १९४० च्या सप्टेंबरात उत्तर हिंदी-चीन जपानने घेतले होते. १९४१ च्या जुलैत दक्षिण हिंदी-चीनही त्याच्या ताब्यात आले. आता मलाया आणि सिंगापूर त्याच्या विमानांच्या टप्प्यात होते.

तेलाचे कुलूप

येथे समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २६ जुलै १९४१ रोजी अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली. पाठोपाठ ब्रिटन, भारत सरकार आणि डच ईस्ट इंडीज यांनीही तेच केले. ऑगस्टमध्ये तेलाचा पुरवठा बंद झाला. जपान आपल्या गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेकडून घेत होता. साठा फार तर दोन वर्षे पुरणारा होता. दिवसागणिक तो आटत होता. गळ्याशी फास आलेल्या राष्ट्राने हात उगारला तर त्यात नवल काय, असे विचारले जाते. शिवाय ज्या पाश्चात्त्य सत्तांनी आशियाचा बहुतेक भाग आधीच गिळला होता आणि मंदीच्या काळात शुल्काच्या भिंती उभारल्या होत्या, त्यांना जपानला धर्म शिकवण्याचा अधिकार कोणता, हाही प्रश्न रास्तच आहे.

पाश्चात्त्यांच्या साम्राज्याचे समर्थन या भूमीतील माणूस तरी करणार नाही. शुल्काच्या भिंतींनी जपानमधील युद्धखोरांच्या हाती आयते कोलीत दिले, हेही मान्य करावे लागेल. परंतु कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटवता येत नाही. तेल बंद झाले म्हणून जपानने शेजाऱ्यांचे मुलूख घेतले नाहीत. दहा वर्षे शेजाऱ्यांचे मुलूख घेत राहिल्यामुळे तेल बंद झाले. ज्या अमेरिकेचे तेल जपानी विमाने चीनवर बॉम्ब टाकण्यासाठी जाळीत होती, त्या अमेरिकेने ते १९४१ पर्यंत विकले, हीच खरे तर आश्चर्याची गोष्ट होय. फास होता, पण त्याची दोरी मुकडेनपासून जपानी सेनेनेच वळत आणली होती.

पाच महिन्यांची लाट

त्यानंतरचे पाच महिने लष्करी इतिहासात अपूर्व ठरले. सुमारे ५० डिव्हिजनांपैकी केवळ ११ डिव्हिजन जपानने दक्षिणेच्या मोहिमेस दिल्या होत्या. बाकीचे सैन्य चीन, मांचुरिया आणि मायदेशातच होते. आरमार व भूदल यांनी एकत्र येऊन मुलूख घ्यायचा, तेथे विमानतळ बांधायचा आणि त्याच्या छत्राखाली पुढची उडी घ्यायची, अशी ही पद्धत होती. १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका विमानांनी बुडवल्या. नाताळच्या दिवशी हाँगकाँग, २ जानेवारी १९४२ ला मनिला आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. आदल्याच दिवशी सुमात्रातील पालेंबांगच्या तेलक्षेत्रावर छत्रीधारी सैनिक उतरले होते. ८ मार्चला रंगून गेले आणि त्याच सुमारास जावातील डच सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. २३ मार्चला जपानी सैन्य अंदमानात उतरले. ५ एप्रिलला कोलंबोवर, ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ले झाले. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब पडले. बंगालच्या उपसागरात काही दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे तळाला गेली.

तेल मिळाले, रबर मिळाले, कथिल मिळाले, तांदूळ मिळाला. परंतु मालाचा उगम ताब्यात असणे आणि तो माल कारखान्यात पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शांततेच्या काळात परक्या जहाजांतूनही माल येत होता. आता प्रत्येक पिंप स्वतःच्या जहाजातून आणि शत्रूच्या पाणबुड्यांना चुकवून आणायचे होते. आक्रमणावर सारी बुद्धी खर्चणाऱ्या आरमाराने आपल्या व्यापारी जहाजांच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष केले. १९४२ च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत चार विमानवाहू नौका गमावल्यावर लाट ओसरू लागली आणि १९४५ उजाडेपर्यंत बोर्निओ-सुमात्राचे तेल जपानपर्यंत पोचणे जवळजवळ थांबले. ज्यासाठी अर्धा आशिया पेटवला, ते तेल विहिरीतच राहिले.

वऱ्हाडच्या वाट्याला काय आले?

१९४१ च्या जुलैत मालमत्ता गोठवली गेली, तेव्हाच जपानकडे जाणाऱ्या गाठी थांबल्या. डिसेंबरात तो दरवाजा पुरता मिटला. हंगाम ऐन भरात होता. मुंबईच्या आणि सोलापूरच्या गिरण्यांना युद्धामुळे काम भरपूर मिळाले; पण त्यांना बहुतांशी त्याहून बऱ्या धाग्याचा कापूस हवा असे. जपानच्या गिरण्यांसाठी जणू मापून पिकवलेली आखूड धाग्याची रुई साचून राहिली. सरकारने १९४२ च्या आरंभी परदेशी कापसावर जादा शुल्क बसवून त्यातून आखूड धाग्याच्या कापूस-उत्पादकांसाठी निधी उभारण्याचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू करून कापसाखालील जमीन ज्वारीकडे वळवण्याचा उपदेश केला. त्यानंतर कापड कडाडले आणि त्यावर नियंत्रणे आली. कापूस पिकवणाऱ्याच्याच अंगावर धडसे वस्त्र नाही, असा तो काळ होता.

दुसरीकडे, ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जबाबदारी एकट्या जपानवर टाकता येत नाही. इंग्रज सरकारची बेपर्वाई, नावा जप्त करण्याचे धोरण आणि युद्धखर्चाने वाढलेली महागाई यांचा त्यात फार मोठा हात होता. सरकारी आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. परंतु मलायातील तोफा आणि बंगालमधील रिकामी मडकी यांना जोडणारा एक धागा रंगूनमधून जातो, हे नाकारता येणार नाही.

आशिया आशियाईंसाठी?

या लढाईकडे भारतीय मन केवळ हिशेबाच्या नजरेने पाहू शकत नव्हते. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी तो विजय स्वतःचा मानला होता. गोऱ्यांचे आरमार आशियाई माणूस बुडवू शकतो, हा विश्वास त्या विजयाने दिला. सिंगापूरच्या पाडावानंतर पूर्व आशियात आझाद हिंद सेना उभी राहिली आणि तिच्यातील त्यागाबद्दल या देशात कोणाच्याही मनात किंतु नाही. पण सहकाऱ्याचा हेतू शुद्ध म्हणून मदत देणाऱ्याचाही शुद्धच होता, असे ठरत नाही. अंदमानात तीन वर्षे जपानी अंमल होता. तेथील डॉ. दिवाणसिंग यांचा छळाने मृत्यू झाला आणि ३० जानेवारी १९४४ रोजी होमफ्रेगंज येथे ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घालण्यात आल्या. मलायाच्या रबर-मळ्यांतील हजारो तमिळ मजूर सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गाच्या कामावर मरून पडले. ‘आशिया आशियाईंसाठी’ या घोषणेचा अर्थ त्यांना असा कळला.

मराठी प्रदेशातील काही माणसांना तो आधीच कळला होता. १९३८ च्या १ सप्टेंबरला मुंबईहून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच देह ठेवला. त्या वर्षांत काँग्रेसने जपानी मालावर बहिष्कार पुकारला, तेव्हा वऱ्हाडपुढे खरा पेच होता. ज्याच्या कापडावर बहिष्कार घालायचा, तोच आपल्या रुईचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. नफ्या-तोट्यापलीकडचा विचार करण्याची पाळी लहान माणसांवरही येते, ती अशी.

आणि १९४२ च्या जुलैत, जपानी सैन्य ब्रह्मदेशाच्या सीमेवर असताना, धामणगावपासून फार दूर नसलेल्या सेवाग्राममधून गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक पत्र लिहिले. ते ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाले. आश्रमात राहून गेलेल्या जपानी भिक्षूची प्रेमाने आठवण काढून त्यांनी चीनवरील आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला आणि भारतात आपले स्वागत होईल या भ्रमात जपानने राहू नये, असे बजावले. इंग्रजांना ‘चले जाव’ सांगण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने हे लिहिले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच वर्धा नदीपलीकडे आष्टी आणि पुढे चिमूर येथे लोक इंग्रजी बंदुकांसमोर उभे ठाकले. एका साम्राज्याशी झुंजण्यासाठी दुसऱ्याचे पाय धरावे लागत नाहीत, ही समज त्या पत्रात होती.

युद्धानंतरची साक्ष

जपानच्या युद्धखोरांचा सिद्धान्त खरा असता, तर १९४५ नंतर जपान भिकेला लागावयास हवा होता. कोरिया गेला, फॉर्मोसा गेले, मांचुरिया गेला. शहरे राख झाली. तेलाचा थेंबही हाती राहिला नाही. आणि तेवीस वर्षांत तोच देश भांडवलशाही जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. त्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज गोव्याच्या मुरगाव बंदरातून गेले; १९६० च्या करारानुसार बैलाडिलाच्या डोंगरांतूनही गेले. बैलाडिलाचे खनिज जपानी जहाजांवर चढले ते विशाखापट्टणमला. १९४२ मध्ये ज्या बंदरावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, त्याच बंदरावर जपानी खरेदीदार पावती घेऊन उभा राहिला आणि त्याला हवे ते सारे मिळाले.

यात भारतीय शेतकऱ्यासाठी एक प्रश्न उरतो. व्यापार तलवारीपेक्षा बरा, हे सिद्ध झाले. पण व्यापाराच्या अटी दूर कोठेतरी ठरतात आणि त्यांचा झटका पिकवणाऱ्याला बसतो, हे १९३३ चे दुखणे संपलेले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. कापड उद्योगाला स्वस्त रुई मिळावी म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे वऱ्हाडात वेचणीचा कापूस बाजारात येण्याच्या काळापर्यंत, वाढवली. गिरणीची अडचण खरी होती. परंतु १९४२ मधील परके सरकारसुद्धा आयात कापसावर शुल्क बसवून उत्पादकासाठी निधी उभारण्याइतके तत्त्व मान्य करीत होते. तो उपाय तुटपुंजा होता. तत्त्व तुटपुंजे नव्हते. राष्ट्राच्या परराष्ट्रीय किंवा औद्योगिक गरजेपोटी बाजाराची दारे उघडायची वा मिटायची असतील, तर त्याची किंमत कोण मोजणार हे आधी ठरले पाहिजे आणि ती एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये.

जपानच्या आरंभीच्या विजयांचे नकाशे वर्गात काढले जातात, तेव्हा भूमीवरून आणि समुद्रावरून धावणारे बाण विद्यार्थ्यांचे लक्ष वेधून घेतात. त्या नकाशावर मुंबई ते कोबे ही जुनी रेघही काढून दाखवावी. तिच्यावरून चाळीस-पन्नास वर्षे रुईच्या गाठी गेल्या आणि पैसा आला. ती रेघ कोणत्याही शत्रूने पुसली नव्हती. जपानच्या सेनापतींनी ती स्वतःच्या हाताने पुसली आणि त्यानंतर आपल्याजवळ कच्चा माल नाही अशी तक्रार केली.